उपहासाचे दोन प्रेक्षक : आल्फ गार्नेट ते आर्ची बंकर

उपहास हे समाजसुधारणेचे साधन आहे, ही समजूत आपल्या वाङ्मयविचारात इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे पुरावा मागण्याचे सहसा कोणास सुचत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'पासून मराठी विनोदाचा जो एक प्रवाह सुरू झाला, त्याचे समर्थन बहुधा याच भूमिकेवरून केले जाते. तेथील तंत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही मंडळी रूढीवर तुटून पडत नाहीत. गंभीर मुद्रेने ती रूढीची बाजू घेतात, आणि त्या समर्थनातूनच रूढी हास्यास्पद ठरत जाते. लेखकाला जे मत अमान्य आहे तेच मत पात्राच्या मुखी घालावयाचे आणि वाचकाने मात्र त्याचा उलटा अर्थ घ्यावयाचा, असा हा लेखक-वाचकांमधील मूक करार आहे. 'विविधज्ञानविस्तारा'च्या वाचकवर्गापुरता हा करार बहुतांशी पाळला गेला असे मानावयास हरकत नाही. तो वर्ग लहान होता, शिकलेला होता, आणि लेखकाची मते कोणती हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

हाच करार ज्या प्रेक्षकाला लेखकाचे नावही ठाऊक नाही अशा कोट्यवधी लोकांशी करावयाचा झाल्यास काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयुक्त असे एक उदाहरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दूरचित्रवाणीने आपल्यापुढे ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १९६५-६६ साली जन्मलेला आल्फ गार्नेट आणि अमेरिकेत १९७१ साली अवतरलेला आर्ची बंकर, ही एकाच कल्पनेची दोन रूपे होत. दोघेही कामगारवर्गातील, वयस्क आणि तोंडाळ आहेत. परकीय, काळे, ज्यू, स्त्रिया, तरुण पिढी यांपैकी कोणाविषयीही त्यांच्या मनात पूर्वग्रह नाही असे नाही. दोघांचेही जनक डाव्या किंवा उदार मतांचे होते, आणि त्या मतांच्या प्रचारार्थच त्यांनी हे वाचाळ पुरुष निर्माण केले. हा प्रचार कितपत पोहोचला याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेचा नमुना-भाग बीबीसीवर जुलै १९६५ मध्ये दाखविण्यात आला आणि जून १९६६ पासून मालिका रीतसर सुरू झाली. लेखक जॉनी स्पाइट हा लंडनच्या पूर्व भागात, गोदी कामगाराच्या घरात वाढलेला होता. आल्फचे घरही त्याच परिसरात, वॉपिंग येथे, कल्पिलेले आहे. त्या घरात चार माणसे आहेत. आल्फ, त्याची थंडपणे टोमणे मारणारी बायको एल्स, मुलगी रीटा आणि जावई माइक. माइक लिव्हरपूलचा, लांब केसांचा आणि मजूर पक्षाचा. आल्फ स्वतः गोदीत राबणारा असूनही कट्टर हुजूरपक्षीय आणि राजनिष्ठ आहे. त्याच्या विचारांतील ही पहिली विसंगतीच मालिकेच्या विनोदाचा पाया होय.

काळ ध्यानात घेतल्याशिवाय या विनोदाची धार कळणार नाही. राष्ट्रकुलातील नागरिकांच्या आगमनावर बंधने घालणारा कायदा इंग्लंडने १९६२ साली केला होता. १९६४ च्या निवडणुकीत स्मेदिक मतदारसंघात उघड उघड वर्णद्वेषाच्या वातावरणात हुजूर पक्षाने मजूर पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याचा पराभव घडवून आणला. वांशिक भेदभावाविरुद्धचा पहिला कायदा १९६५ साली झाला. बीबीसीचे महासंचालक ह्यू कार्लटन ग्रीन हे संस्थेची सोवळी परंपरा मोडण्याच्या मताचे होते. राजकीय उपहासाचा 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९६२-६३ मध्ये, गाजून गेला होता. परंतु तो कार्यक्रम म्हणजे सुशिक्षित तरुणांनी मंत्र्यांची उडविलेली टर होती. तेथे कोण कोणास हसतो याविषयी संदेहाला जागा नव्हती. स्पाइटने उपहासाला वॉपिंगच्या बैठकीच्या खोलीत आणले, आणि तेथे ही स्पष्टता उरली नाही.

मालिकेविरुद्ध त्या काळी ज्या तक्रारी झाल्या, त्यांचे स्वरूप बोलके आहे. दूरचित्रवाणीच्या 'शुद्धी'साठी १९६५ साली संघटना काढणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांचा मुख्य रोष अर्वाच्य भाषेवर आणि धर्माच्या अनादरावर होता. आल्फ काळ्या शेजाऱ्यांविषयी जे बोलत असे त्यापेक्षा 'ब्लडी' हा शब्द किती वेळा उच्चारतो, याचीच मोजदाद अधिक झाली. स्पाइटने त्याचा सूड फेब्रुवारी १९६७ मधील एका भागात घेतला. त्यात आल्फ व्हाइटहाउसबाईंचे पुस्तक मोठ्या भक्तिभावाने वाचताना दाखविला आहे. विरोधकाला आपल्या खलनायकाचा आवडता लेखक बनविणे ही युक्ती नामी खरी, पण तिच्यामुळे वादाचे केंद्र आणखीच सरकले. ज्यांच्याविषयी ते हेटाळणीचे शब्द वापरले जात होते, त्यांना काय वाटते हे विचारण्याची निकड त्या वादातील दोन्ही पक्षांना फारशी भासली नाही.

आल्फची भूमिका करणारा वॉरन मिचेल हा स्वतः ज्यू आणि समाजवादी विचारांचा नट होता. लोक रस्त्यात थांबवून आपले अभिनंदन करीत, परकीयांची चांगली खोड मोडलीत असे म्हणत, आणि आपण त्यांस उत्तर देत असू की खोड मोडली ती तुमचीच, असे तो पुढे सांगत असे. नटाच्या आठवणीत थोडे तिखटमीठ असणारच. तथापि लेखकाच्या हेतूच्या नेमका उलट अर्थ घेणारा प्रेक्षक काल्पनिक नव्हता, एवढे तीवरून निश्चित होते.

या संदर्भात इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक तारीख मोहात पाडते. मालिकेचा तिसरा हप्ता फेब्रुवारी १९६८ मध्ये संपला. २० एप्रिल १९६८ रोजी इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले, आणि पक्षनेते हीथ यांनी त्यांना छाया-मंत्रिमंडळातून दूर केले. त्यानंतर २३ एप्रिलला लंडनच्या गोदीतील सुमारे हजार कामगार पॉवेल यांच्या समर्थनार्थ वेस्टमिन्स्टरवर चालून गेले. आल्फ गार्नेटचेच व्यवसायबंधू, आल्फच्याच वस्तीतले! आल्फने त्यांना मोर्चात धाडले असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला असेल. पण या कार्यकारणभावास पुरावा नाही. गोदीतील रोजगाराची अनिश्चितता, घरांची टंचाई आणि वृत्तपत्रांचा प्रचार ही कारणे त्या मोर्चामागे अधिक जवळची आहेत. या योगायोगावरून एवढेच म्हणता येते की, दोन वर्षे घराघरांत आल्फला हसल्याने त्याची मते निदान गोदीत तरी निष्प्रभ झाली नव्हती.

येथे साधनांविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. १९६६ ते १९६८ या काळातील मालिकेचे बरेच कृष्णधवल भाग बीबीसीने पुढे पुसून टाकले. फिती महाग होत्या आणि विनोदाचे जतन करावे असे कोणास वाटत नव्हते. त्यामुळे ज्या विनोदाच्या परिणामाविषयी आपण मोठमोठी विधाने करतो, त्यातील पुष्कळसा विनोद आज पाहावयासही मिळत नाही. वृत्तपत्रांतील वादावरून मालिकेचे अनुमान बांधावयाचे, ही आपली अडचण आहे, आणि वाद घालणारे लोक सामान्य प्रेक्षकाचे प्रतिनिधी नसतात हे उघडच आहे.

अमेरिकन रूपांतराच्या बाबतीत साधने विपुल आहेत. नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी स्पाइटच्या मालिकेचे हक्क मिळविले. १९६८ आणि १९६९ मध्ये एबीसी या जाळ्यासाठी दोन नमुना-भाग तयार केले गेले आणि दोन्ही नाकारले गेले. अखेरीस सीबीएसने १२ जानेवारी १९७१ रोजी 'ऑल इन द फॅमिली' प्रक्षेपित केली. पहिल्या भागापूर्वी पडद्यावर एक निवेदन झळकले. आपल्या समाजातील उणिवा आणि पूर्वग्रह यांवर विनोदाचा प्रकाश टाकावा आणि ते किती हास्यास्पद आहेत हे दाखवावे, असा या कार्यक्रमाचा उद्देश आहे, असा त्याचा आशय होता. कोल्हटकरांच्या वाचकाला जे कधी सांगावे लागले नाही, ते येथे लेखी द्यावे लागले. ज्या उपहासापूर्वी 'हा उपहास आहे' अशी पाटी लावावी लागते, त्याच्या कर्त्यांना करार पाळला जाईल याची खात्री नसते, हे सांगावयास नको.

आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, मालधक्क्यावरचा मुकादम. कॅरल ओ'कॉनरने त्याला केवळ कर्कश न ठेवता एक प्रकारचा दुखावलेला, गोंधळलेला जिव्हाळा दिला. जीन स्टेपलटनची एडिथ भोळी वाटते, पण नैतिक निर्णयाच्या क्षणी घरात तीच सरळ उभी राहते. जावई माइक पोलिश वंशाचा, समाजशास्त्राचा विद्यार्थी, सासऱ्याच्या घरी राहून सासऱ्याचेच अन्न खाणारा आणि त्यालाच समतेचे पाठ देणारा. हा शेवटचा तपशील क्षुल्लक नाही. अमेरिकन कामगाराच्या दृष्टीने माइकचा युक्तिवाद कितीही बरोबर असला, तरी तो फुकटखाऊ होता. सत्य बोलणारे पात्र लेखकाने घरजावई ठेवले, तेव्हाच सत्याची बाजू थोडी लंगडी झाली.

मालिकेला आरंभी मिळालेला प्रतिसाद मंद होता. उन्हाळ्यातील पुनःप्रक्षेपण आणि मे १९७१ मधील एमी पारितोषिके यांनंतर चित्र पालटले. १९७१-७२ पासून १९७५-७६ पर्यंत सलग पाच हंगाम नील्सनच्या मोजणीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी आर्चीला अध्यक्ष करा असे सांगणाऱ्या चिठ्ठ्या मोटारींवर दिसू लागल्या आणि त्याच्या 'सुभाषितां'चा संग्रह बाजारात आला. चिठ्ठी चिकटविणारा माणूस थट्टेने चिकटवीत होता की मनापासून, हे चिठ्ठीवरून ठरविता येत नाही. सीबीएसच्या हिशेबात दोघांची किंमत सारखीच होती. प्रेक्षक मोजले जात, त्यांचे हसणे मोजले जात नसे.

या यशाच्या ऐन भरात लॉरा हॉबसन यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जो लेख लिहिला, तो या विषयावरील सर्वांत मर्मग्राही लेखन आहे असे मला वाटते. ज्यू-द्वेषावरची 'जंटलमन्स ॲग्रीमेंट' ही गाजलेली कादंबरी (१९४७) त्यांचीच. त्यांचा आक्षेप आर्ची फार वाईट बोलतो असा नव्हता. तो पुरेसे वाईट बोलत नाही, असा होता. खऱ्या द्वेष्ट्याच्या तोंडी जे विषारी शब्द असतात ते मालिकेने टाळले आणि त्यांच्या जागी सौम्य, जवळजवळ लाडिक अपशब्द घातले. ज्यूंसाठी असलेल्या सौम्य शब्दाने विनोद होतो. जहाल शब्दाने हसू थिजले असते. म्हणजे द्वेषाला धुऊन पुसून घरात बसविण्याजोगा केला गेला. लिअर यांनी पुढच्याच महिन्यात त्याच पत्रात उत्तर दिले. द्वेष हा केवळ राक्षसांच्या ठायी असतो ही समजूतच धोक्याची आहे, तो प्रेमळ बापांच्या ठायीही असतो, असा त्यांचा मुद्दा होता. आर्चीत त्यांनी आपल्या वडिलांची छटा पाहिली होती, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

या वादात दोन्ही पक्ष बरोबर होते, ही त्याची खरी अडचण आहे. लिअर यांचे म्हणणे मानवी स्वभावाविषयी खरे होते, हॉबसन यांचे माध्यमाविषयी. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पात्राला टिकून राहण्यासाठी प्रिय व्हावेच लागते. शोकनाट्यातील खलनायकाला दोन तास सहन करता येते, परंतु जो वर्षानुवर्षे आपल्या दिवाणखान्यात येतो त्याच्याशी घरोबा झाल्यावाचून राहत नाही. मालिका या रचनाप्रकाराचीच ती अट आहे, आणि लेखकाचा हेतू कितीही शुद्ध असला तरी ती त्याला चुकविता येत नाही.

वाद मतांचा होता तो प्रयोगाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांना आहे. त्यांचा निबंध १९७४ साली 'जर्नल ऑफ कम्युनिकेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका लहान गावातील २३७ शालेय विद्यार्थी आणि कॅनडातील लंडन (ऑन्टॅरिओ) येथील १३० प्रौढ यांना त्यांनी प्रश्नावली दिली. प्रथम प्रत्येकाच्या पूर्वग्रहाचे मापन केले. मग विचारले की आर्ची अधिक आवडतो की माइक, कोणाचे बोलणे समंजस वाटते, थट्टा अधिक कोणाची होते, शेवटी जिंकतो कोण. निष्कर्ष असा निघाला की कार्यक्रम मजेदार वाटण्याच्या बाबतीत पूर्वग्रही आणि अपूर्वग्रही यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. दोघेही सारखेच हसत होते. फरक होता तो कोणास हसतो याचा. ज्यांचा पूर्वग्रह तीव्र होता त्यांचा कल आर्चीचे कौतुक करण्याकडे, त्याचेच म्हणणे बरोबर मानण्याकडे आणि वादात तोच जिंकतो असे समजण्याकडे अधिक होता. अमेरिकन विद्यार्थ्यांत तर अधिक पूर्वग्रही मुलेच मालिका अधिक नियमाने पाहत असल्याचे आढळले.

या अभ्यासाचा हवाला देताना पुष्कळदा त्यावर नसलेला भार टाकला जातो. मालिकेने पूर्वग्रह वाढविला असे विडमार-रोकीच यांनी सिद्ध केलेले नाही, आणि एकाच वेळी घेतलेल्या प्रश्नावलीवरून तसे सिद्ध होणे शक्यही नव्हते. प्रेक्षक आपली मते घेऊनच पडद्यासमोर बसतो आणि विनोदाचा अर्थ त्या मतांनुसार निवडून घेतो, एवढेच त्यांनी दाखविले. हे निवडक आकलन त्या मालिकेपुरते किंवा त्या दशकापुरते नसावे, असे मानण्यास पुढे आधारही मिळाला. स्टीव्हन कोल्बेअर हा अमेरिकन विनोदकार २००५ पासून दूरचित्रवाणीवर एका उजव्या निवेदकाचे सोंग करीत असे. त्याच्याविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३२ व्यक्तींच्या पाहणीतही असेच आढळले. तो मजेदार आहे यावर सर्वांचे एकमत होते. परंतु पुराणमतवादी प्रेक्षकांना त्याची थट्टा वरवरची आणि त्याखालील मते त्याची खरीखुरी मते वाटण्याचा संभव अधिक होता.

स्टुडिओतील हशाचा पुरावाही याच प्रकाशात पाहिला पाहिजे. 'ऑल इन द फॅमिली'चे चित्रण प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर होत असे, आणि तसे प्रत्येक भागात आवर्जून सांगितलेही जाई. त्यामुळे फितीवर खऱ्या माणसांचे हसणे नोंदले गेले आहे. १९ फेब्रुवारी १९७२ च्या भागात नामवंत कृष्णवर्णीय कलावंत सॅमी डेव्हिस ज्युनिअर आर्चीच्या घरी येतो आणि निघताना, छायाचित्र काढण्याच्या क्षणी, त्याच्या गालाचे चुंबन घेतो. त्यावर उसळलेला हशा आजही ऐकावयास मिळतो. तो फार लांबतो. आर्चीची फजिती झाली म्हणून तो हशा आहे, याबद्दल त्या एका प्रसंगी तरी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आर्चीच्या नेहमीच्या एखाद्या वाक्यावरचा हशा ऐकावा, तर त्यात दोन प्रकारचे हसणे मिसळलेले असते आणि ध्वनिफीत ते वेगळे करून देत नाही. मग चुंबनाच्या प्रसंगी अर्थ इतका स्वच्छ का झाला? कारण त्या खोलीत, त्या क्षणी, ज्याच्याविषयी आर्ची बरळतो तो माणूस प्रत्यक्ष उभा होता आणि शेवटचा डाव त्याचा होता.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली येथे आहे. उपहासाचा अर्थ कोणत्या बाजूला झुकेल हे लेखकाच्या हेतूपेक्षा खोलीत उत्तर देणारा कोण आहे यावर अधिक अवलंबून असते. सुरुवातीच्या 'टिल डेथ'मध्ये आल्फला उत्तर देतो तो माइक, म्हणजे दुसरा गोरा इंग्रज. काळे आणि आशियाई लोक त्या घरात विषय म्हणून असतात, माणसे म्हणून क्वचितच येतात. वाद दोन गोऱ्यांचा, आणि त्यात अधिक चटकदार वाक्ये आल्फची. लिअर यांनी शेजारी जेफर्सन कुटुंब वसविले. तरुण लायनेल आर्चीच्या पूर्वग्रहांना इतक्या गोड मानभावीपणाने खतपाणी घालतो की आर्चीला आपली थट्टा होते आहे याचा पत्ताही लागत नाही. सुदाम्याचेच तंत्र हे, फक्त येथे ते ज्याला सोसावे लागते त्याच्या हाती दिलेले आहे. जानेवारी १९७५ पासून हे कुटुंब 'द जेफर्सन्स' या स्वतंत्र मालिकेचे धनी झाले आणि १९८५ पर्यंत टिकले.

पश्चिम जर्मनीत वोल्फगांग मेंगे यांनी १९७३ साली केलेल्या 'आइन हेर्झ उंट आइने झेले' या रूपांतरात आल्फ्रेड टेट्झलाफला हिटलरची आठवण करून देणाऱ्या मिशा दिल्या. अर्थ चुकू नये म्हणून चेहऱ्यावरच पाटी लावण्याचा हा प्रकार होय. आल्फ्रेड लोकप्रिय झालाच.

स्पाइटच्या पुढच्या दोन कृतींची तुलना याच दृष्टीने उद्बोधक ठरते. १९६९ साली त्याने 'करी अँड चिप्स' ही मालिका लिहिली. तीत एका कारखान्यात आलेल्या पाकिस्तानी-आयरिश कामगाराची भूमिका स्पाइक मिलिगनने चेहरा रंगवून केली. मिलिगनचा जन्म १९१८ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे, लष्करी छावणीतील कुटुंबात झाला होता आणि त्याचे बालपण पुण्यात गेले होते. भारतीय उच्चारांची नक्कल तो सहज करू शके. वर्णद्वेषी कामगारांची खोड मोडणे हाच येथेही घोषित हेतू होता. पण खोलीतला एकमेव आशियाई माणूस हा रंगवलेला गोरा. सहा भागांनंतर नियामक मंडळाने मालिका बंद करविली. उलट १९८५ साली वृद्ध आल्फ 'इन सिकनेस अँड इन हेल्थ' या मालिकेत परत आला, तेव्हा त्याची देखभाल करण्यास नगरपालिकेने विन्स्टन हा कृष्णवर्णीय, समलिंगी मदतनीस धाडला. आल्फचा प्रत्येक टोमणा विन्स्टन हसत झेलतो आणि सव्याज परत करतो. जेवण कोण रांधतो आणि खुर्ची कोण ढकलतो हे दोघांनाही ठाऊक आहे. लेखक तोच, नट तोच, अपशब्दही बरेचसे तेच. तरी विनोदाचा तोल पार बदललेला जाणवतो.

ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या कलावंतांनी हा तोल पुढे स्वतःच्या हाती घेतला. परकीय विद्यार्थ्यांच्या तोडक्या इंग्रजीवर उभी असलेली 'माइंड युवर लँग्वेज' (१९७७-७९) ही मालिका त्यांच्या पिढीने लहानपणी पाहिली होती. भारतात तिचे हिंदी रूपांतर, 'जबान संभालके', १९९३ साली दूरदर्शनवर आले आणि आपण ते आवडीने पाहिले. तेथे हिंदी शिकणाऱ्या परप्रांतीयांना हसताना आपल्याला काही खटकले नाही, याची नोंद जाता जाता करून ठेवतो. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेल्या निना वाडिया यांचा 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम १९९६ साली नभोवाणीवर आणि १९९८ साली दूरचित्रवाणीवर आला. त्याचे नाव पीटर सेलर्सने भारतीय डॉक्टराचे सोंग घेऊन गायिलेल्या १९६० च्या एका गाण्यावरून घेतलेले होते. त्यातील एका प्रसिद्ध प्रवेशात भारतीयांची टोळी 'इंग्रजी' खाणावळीत शिरते, वाढप्याच्या नावाचा चुराडा करते आणि सर्वांत बेचव पदार्थ कोणता अशी चौकशी करते. गोऱ्या प्रेक्षकाने येथे उलटा अर्थ घ्यावा म्हटले तरी घेता येत नाही. स्वतःचे शनिवार रात्रीचे वर्तन तो समोर पाहत असतो.

आर्चीच्या विनोदाने काहीच साधले नाही, असा याचा अर्थ करणे अन्यायाचे होईल. निवडक आकलनाच्या सिद्धांताला छेद देणारा एक प्रेक्षक तर व्हाइट हाउसमध्येच होता. मे १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आपल्या सहायकांजवळ या मालिकेविषयी केलेले संभाषण पुढे खुल्या झालेल्या ध्वनिफितींत सापडते. आर्चीचा एक मर्दानी मित्र समलिंगी निघतो, असा भाग त्यांनी पाहिला होता, आणि अशा गोष्टींचे दूरचित्रवाणीवर उदात्तीकरण होते म्हणून ते संतापले होते. नायक नेहमी गबाळाच दाखवितात, अशीही पुस्ती त्या संभाषणात जोडली गेली. निक्सन यांना थट्टा कोणाची चालली आहे हे अचूक कळले होते. ते कळले म्हणूनच ती त्यांना आवडली नाही.

शिवाय जे विषय अमेरिकन दूरचित्रवाणीवर निषिद्ध होते ते या मालिकेने घरात आणले. तिच्यातूनच निघालेल्या 'मॉड' या मालिकेच्या नायिकेने नोव्हेंबर १९७२ मध्ये, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापूर्वी दोन महिने, गर्भपाताचा निर्णय घेतला. सायंकाळचे पहिले तास 'कौटुंबिक' ठेवण्याचे धोरण जाळ्यांनी १९७५ साली स्वीकारले. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत लिअर होते, आणि १९७६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. मत बदलणे आणि मत बोलून दाखविण्याजोगे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालिकेचा परिणाम दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि तो दुधारी आहे. समतेची बाजू जशी बोलण्याजोगी झाली, तशी आर्चीचीही झाली.

मालिका चालू असतानाच, १९७८ साली, आर्ची आणि एडिथ यांच्या दोन खुर्च्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून स्वीकारल्या. मूळच्या त्या जुन्या बाजारातून किरकोळ किमतीत आणलेल्या होत्या. पुढील चित्रणासाठी हुबेहूब नकला बनवाव्या लागल्या, आणि त्या कितीतरी महाग पडल्या. माइकची खुर्ची मात्र संग्रहालयाने मागितली नाही.